सोडटलो कोण?

पोस्टर मीच लावलं होतं. बायकांच्या टॉयलेटमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, कडी घातली की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर. हेड ऑफिसकडून वेलनेस पॉलिसीचा जो गठ्ठा आला होता त्यातलंच ते एक. लघवीच्या रंगाच्या आठ पट्ट्या, वर लिंबूपाण्यासारख्या फिकट पिवळ्यापासून खाली काढ्यासारख्या तपकिरीपर्यंत, आणि ठळक अक्षरांत प्रश्न, ‘आज तुमचा रंग कोणता?’ वरच्या पट्ट्यांत असाल तर शाबास, खालच्या पट्ट्यांत असाल तर लगेच पाणी प्या. मराठी मजकूर माझा. लघवी लिहावं की मूत्र, यावर मी आणि क्यूसीतल्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागातल्या, एका मुलीने दोन दोन चहा संपवले होते. पणजीहून लॅमिनेट करून आणलं, चारी कोपऱ्यांना डबल टेप लावली, फोटो काढून वर पाठवला, वरून अंगठा आला. दहाएक दिवसांनी दुपारी मी आत गेले, कडी घातली आणि शेवटच्या तपकिरी पट्टीखाली निळ्या मार्करने लिहिलेली ओळ दिसली. ‘पियेतां. पूण सोडटलो कोण?’

पिते हो, पण सोडणार कोण?

गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ मी तिथे थांबले असेन. अक्षर सुरेख होतं. शिरोरेघ कुठेही न तुटलेली, मराठी शाळेत पाटीवर गिरवून घेतलेला हात. लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही हे लिहिणारीला ठाऊक असणार, म्हणून ती पॅकिंगच्या टेबलावरचा मार्कर घेऊन आली होती. म्हणजे ठरवून. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. एवढं मन लावून केलेलं काम आणि त्यावर हे. संध्याकाळपर्यंत बातमी वरच्या मजल्यावर पोचली. आमच्याकडे कॅन्टीनची तक्रार पोचायला महिना लागतो, ही तीन तासांत पोचली. ‘हजेरीच्या सह्यांवरून अक्षर जुळवता येईल ना?’ असं एका साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं. म्हटलं, सर, सह्या बंद होऊन किती वर्षं झाली, आता मशीनवर बोट ठेवतात. हाउसकीपिंगवालीने आयपीएचा, म्हणजे जंतुनाशक स्पिरिटचा, बोळा फिरवला, शाई गेली, पण प्लॅस्टिकवर निळसर धूर राहिला. मी ते पोस्टर काढून माझ्या खणात ठेवलं. दुसरं लावलं नाही.

आमचा प्लांट गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर, मी तिथली वेल्फेअर ऑफिसर. औषधाच्या गोळ्या बनतात. पहाटेच्या शिफ्टच्या बायका सांगे, केपे, शिरोडा, कुठून कुठून कंपनीच्या बसने येतात. कोणी साडेचारला उठते, कोणी चारला. मार्च महिन्यात चेंजरूमचं दार उघडलं की सुरंगीचा घमघमाट येतो, कारण वळेसर केसांत ठेवून आत जायला परवानगी नाही. फुलं लॉकरमध्ये, बांगड्या लॉकरमध्ये, टिकली आरशाच्या कडेला चिकटवलेली. त्या आरशाच्या चौकटीवर टिकल्यांची एक वेगळीच हजेरी असते. मग आपला ड्रेस काढून प्लांटचा युनिफॉर्म, पुढच्या खोलीत त्यावर पांढरा सूट, डोकं झाकणारं हूड, मास्क, बाकड्यावरून पाय पलीकडे टाकताना बुटांवर कव्हर, हात धुणं, सॅनिटायझर, ग्लोव्हज. आत पाण्याची बाटली नाही, घड्याळ नाही. ब्लिस्टरच्या पट्ट्या बेल्टवरून सरकत येतात आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका रिकामा कप्पा, तुटकी गोळी, वाकडी सील शोधत राहतात. एक जण गेली की बाकीच्यांवर तिचा माल येतो. म्हणून जायचं तर सुपरवायझरला सांगायचं, त्याने कोणाला तरी जागेवर उभं करायचं, आणि कोणी नसेलच तर तो हाताने ‘थांब’ अशी खूण करतो. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात. सुपरवायझरही वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर तासाचा आकडा असतो.

मग बायका साधा उपाय करतात. पाणीच पीत नाहीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिक्षिका होती. सकाळी पावणेसातची कदंबा बस पकडायची, वाळपईला उतरून दुसरी गाडी, मग चालत. शाळेला दोन खोल्या, पुढे आंब्याचं झाड, मागे रान. मुलं रानात जायची, मास्तर जायचे, आई जायची नाही. तिच्या पिशवीत स्टीलची बाटली असायची, वरच्या टोपणाचाच पेला होणारी, आणि दुपारी ती घरी आली की ती बाटली ओट्यावर ठेवताना जो आवाज यायचा तो भरलेल्या बाटलीचा असायचा. मी लहानपणी समजत होते की आई आमच्यासाठी पाणी परत आणते. शाळेतलं पाणी चांगलं म्हणून. उन्हाळ्यात तिला आग व्हायची. मग रात्री धने-जिरं भिजत घालणं, सकाळी ते गाळून घेणं, आजीचं ‘वाळा घाल गो माठात’. घरात त्या दुखण्याला ‘उष्णता’ म्हणत. उष्णता कशाने झाली हे कोणी विचारलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर शब्द वापरावे लागले असते. पुढे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मूतखड्यासाठी तिला दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी पाणी कमी पिता का म्हणून विचारलं. आई म्हणाली, ‘सवयच नाही.’

सवय. सतरा वर्षांच्या नोकरीतली सवय.

आता पॉलिसीबद्दल बोलायचं तर मी तिच्या विरोधात नाही. तिच्यावरच माझा पगार चालतो आणि तिच्यातल्या काही गोष्टींनी खरंच भलं झालं आहे. तपासणी शिबिरात फोर्कलिफ्टवाल्या एका भल्या दांडग्या माणसाची साखर एवढी निघाली की डॉक्टरांनी यंत्र बिघडलंय का म्हणून स्वतःची तपासून पाहिली. तो आज नीट आहे आणि दर चवथीला, म्हणजे गणपतीत, मला नेवऱ्या पाठवतो, ज्यात साखर आहे, पण त्याबद्दल मी बोलत नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले तेव्हा मधुमेहात गोवा पहिला, २६.४ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून जास्त. ते वाचून कॅन्टीनमध्ये क्रांती करायचं ठरलं. बुधवारची मिरची भजी बंद, त्या जागी मोड आलेले मूग. पहिल्या बुधवारी मुगाचं पातेलं जसंच्या तसं परत गेलं आणि गेटबाहेरच्या गाड्यावर रोस ऑम्लेटला अशी गर्दी उसळली की गाडेवाल्याने दुसऱ्या दिवशी मला हसून हात केला. भजी परत आली. टिकली ती एकच गोष्ट, आणि ती पॉलिसीत नव्हती. कॅन्टीनच्या आचाऱ्याने स्वतःहून चहा बिनसाखरेचा करून साखरेची बरणी बाजूला ठेवली. आठवडाभर शिव्या खाल्ल्या. मग लोक दोन चमच्यांवरून एकावर आले, कारण मागे रांग असताना बरणीशी उभं राहून तीन चमचे घालायची लाज वाटते. योगाचं म्हणाल तर सकाळी साडेआठला जनरल शिफ्टसाठी, म्हणजे ऑफिसवाल्यांसाठी. चटया निळ्या, टी-शर्ट पांढरे. येणारे सहा-सात जण घरीही योगा करणारेच.

आमच्या स्टोअरचे भाई गेली वीसेक वर्षं युनिफॉर्म वाटतात. कोणाचा नंबर किती वाढला हे त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि डॉक्टरांच्या फाइलपेक्षा ते रजिस्टर जास्त खरं बोलतं असं माझं मत आहे. ‘मॅडम, प्रमोशन जालें की पॅंट दोन नंबर वाडटा,’ असं ते म्हणतात. मला हसू आलं होतं, पण नंतर कळलं की भाई एका मोठ्या परंपरेत बसतात. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून पाहिले होते. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. सगळ्यांनी ते उचलून धरलं. पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या, आणि १९५६ साली छापलं की त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांच्या पॅंटी कमरेला रुंद आहेत, तरुणांतसुद्धा. मग जिन्याने माणूस सडपातळ राहिला, की सडपातळ माणूसच कंडक्टर झाला? हेच कोडं अलीकडे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वेगळ्या रीतीने सुटलं. त्यांनी आपल्याच हजारो कर्मचाऱ्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून एका गटाला वेलनेस कार्यक्रम दिला. कळलं असं की कार्यक्रमात हौसेने भाग घेणारे आधीपासूनच धडधाकट आणि औषधपाण्यावर कमी खर्च करणारे होते. कार्यक्रमाने म्हणून फारसा फरक पडला नाही. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या सहा निळ्या चटया आल्या.

खणात ते पोस्टर होतंच. पेन काढायला खण उघडला की निळा धूर दिसायचा. एकदा मी उगाच बाहेर, टॉयलेटच्या कॉरिडॉरमध्ये गेले आणि दाराशेजारच्या भिंतीकडे प्रथमच नीट पाहिलं. तिथे दुसरं एक लॅमिनेट केलेलं पान आहे. ‘कामाच्या वेळेत सुपरवायझरच्या परवानगीशिवाय लाइन सोडू नये.’ खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीची. खाली सही. माझी. तोच फॉन्ट, कडेला तीच नक्षी. पणजीच्या त्याच दुकानातलं लॅमिनेशन. तेव्हा कुठल्या तरी ऑडिटनंतर वरून फोन आला होता आणि मी पाच मिनिटांत मजकूर लिहून दिला होता. त्या बाईने ‘सोडटलो’ हा शब्द कुठून उचलला, ते मला तेव्हा कळलं. दाराबाहेर मी ‘सोडू नये’ लिहिलं होतं, दाराआत ‘पाणी प्या’ लिहिलं होतं, आणि ती बिचारी दोन्ही वाचत होती. वाचणारी माणसं आहेत हेच आम्ही विसरतो.

वेल्फेअर ऑफिसरच्या परीक्षेला १९४८चा कारखाना कायदा मी तोंडपाठ केला होता. त्यात होतं, पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर आमच्यासारखा एक अधिकारी, अडीचशेच्या वर असतील तर कॅन्टीन, तीसच्या वर बायका असतील तर पाळणाघर, पिण्याचं पाणी संडासापासून सहा मीटरच्या आत नको. आकडे मला आजही येतात. कलम एकोणीसही येतं, पण त्यात आकडा नाही म्हणून ते परीक्षेत विचारत नसत. त्यात म्हटलं होतं की स्वच्छतागृहं सोयीच्या जागी असावीत आणि कामगार कारखान्यात असेपर्यंत त्यांना सर्व वेळ वापरता यावीत. सर्व वेळ. एवढं जुनं वाक्य, आणि त्यावर मी रंगांच्या पट्ट्या डकवत होते. केरळमधल्या कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी विजी या कार्यकर्तीच्या मागे उभं राहून जे भांडण केलं, तेही सुरू झालं ते याच मुद्द्यावरून. दुकानात टॉयलेट नाही म्हणून पाणी न पिता दहा दहा तास उभं राहायचं. बसण्याच्या हक्काचं पुढे झालं, २०१८ साली केरळने कायद्यात तशी दुरुस्ती केली. वर्तमानपत्रांत ‘बसण्याचा हक्क’ असा मथळा आला आणि तो पहिला मुद्दा मागे राहिला. स्वाभाविक आहे. बसण्याचा मथळा होऊ शकतो.

एका गुरुवारी मी लाइनवर गेले आणि स्वतःवर वेळ लावली. सुपरवायझरला खूण केली, त्याने हसून सोडलं, मी मॅडम ना. ग्लोव्हज काढले, बाकड्यावरून पलीकडे, सूट, हूड, मास्क, बाहेरच्या चपला, कॉरिडॉर, टॉयलेट, परत सगळं उलट. सूट काढताना जमिनीला लागता कामा नये, म्हणजे एका पायावर उभं राहून कसरत. चेंजरूमच्या भिंतीवरच्या घड्याळात सतरा मिनिटं झाली होती, तीही टॉयलेटला रांग नसताना. पाळीच्या दिवसांत हे किती वेळा करायचं, याचं गणित मी केलंच नाही. आत परत येऊन उभी राहिले तेव्हा शेजारची बाई मास्कमागून पुटपुटली, ‘मॅडम, तुमकां केन्नाय वचूंक मेळटा.’ तुम्हाला कधीही जायला मिळतं. टोमणा नव्हता. माझ्यासाठी तिला बरं वाटत होतं, असा सूर होता. तीच का ती, मार्करवाली? मी विचारलं नाही, आणि अजूनही कधी कोणाला विचारलेलं नाही.

मीटिंगमध्ये मी एकच मागितलं. पॅकिंगला प्रत्येक शिफ्टमध्ये एक रिलीव्हर, जिचं काम फक्त जाणाऱ्या बाईच्या जागेवर उभं राहायचं. साहेब म्हणाले, हेडकाउंट. चटया, टी-शर्ट, पावलं मोजायचे पट्टे, हे सगळं वेलनेसच्या खात्यातून पास होतं. माणूस त्या खात्यात बसत नाही. मी व्हाइटहॉलचं सांगून पाहिलं. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७पासून जो अभ्यास झाला, त्यात दारवान-निरोप्ये वगैरे सगळ्यात खालच्या पायरीवरचे लोक वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने कितीतरी जास्त मेले, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं धरूनही तो फरक पुरा भरून निघाला नाही. १९८५पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, यालाही त्यात मोठी जागा आहे. सगळ्यांनी मान डोलावली. एकाने ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं. मग मी मुद्दा बदलला आणि सांगितलं की मागच्या वर्षी पॅकिंगच्या बायकांच्या आजारी रजांच्या चिठ्ठ्यांत लघवीच्या इन्फेक्शनच्या किती आहेत ते मी मोजलंय, आणि त्या दिवसांना बदली माणूस मिळेपर्यंत लाइन किती वेळ अर्धी चालली तेही. हे मात्र वहीत लिहून घेतलं गेलं. ए शिफ्टला तीन महिन्यांसाठी एक रिलीव्हर मिळाली. बी शिफ्टचं ‘नंतर बघू’. भिंतीवरचं माझ्या सहीचं पान मी कोणाला न विचारता काढलं. त्याच्या जागी भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिलाय, बाकी भिंत किती मळलीय ते त्याच्यामुळे कळतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती मटारच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘आमच्या वेळी कोणी चिठ्ठ्या मोजल्या नाहीत.’ मग जरा वेळाने, ‘मी तरी रजा कुठे घेतली होती.’

परवा भाई माझ्या टेबलाशी इंडेंटचं, म्हणजे सामानाच्या मागणीचं, पुस्तक घेऊन आले. चवथ तोंडावर आलेली, बाहेर पाऊस, त्यांच्या छत्रीचं पाणी माझ्या फायलींवर. वॉटर कूलरचे कागदी कप. शिफ्टगणिक पाकिटं काढून देतात ते, आणि त्यांचं रजिस्टर माझ्यापुढे उघडून धरलं. बी शिफ्टच्या रकान्यात नेहमीसारखं आठवड्याला दीड पाकीट. ए शिफ्टच्या रकान्यात दोन, मग तीन, मग चार. भाईंच्या बोटाचा डाग आकड्यावर. ‘कप खंय वतात कोण जाणा! चवथीक घरा व्हरतात दिसता. तुमी एक नोटीस लायात.’ कप जातात कुठे कोण जाणे, चवथीला घरी नेत असतील, तुम्ही एक नोटीस लावा.

मी म्हटलं नोटीस नको, सही कुठे करू? त्यांनी बोट ठेवलं तिथे मी चारच्या जागी पाच करून सही केली. भाई नाराज होऊन गेले. त्यांच्या ट्रॉलीवर बी शिफ्टचं पाकीट होतं, मागच्या सोमवारचं, अजून न फोडलेलं.